मधली खोली आणि चौदा शेळ्या

सुरुवातीलाच माफी मागतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच आहेत. मी शाळेत होतो तेव्हा सगळं उर्दूत शिकवायचे, आणि तिसरीतूनच आबांनी मला काढून शेळ्यांमागं लावलं. मराठी लिहायला मी नंतर शिकलो, दुकानांच्या पाट्या आणि मोटारींच्या मागची अक्षरं बघत बघत. ऱ्हस्व-दीर्घ अजून माझ्याशी फटकूनच वागतात. गावच्या वाचनालयाच्या हस्तलिखितात लिही, असं मास्तरांनी सांगितलं तेव्हा मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "पारावर सांगता तुम्ही दोघं भाऊ, तसंच लिही." खरं तर पारावर माझा भाऊ सांगतो. मी बाजूला बसून फक्त "असं नव्हतं" एवढंच म्हणतो.

तर हे जसं होतं तसं.

घरातली एक खोली नीट करायला घेतली की खोली राहते बाजूला आणि किस्सेच जमत जातात. आमच्या मधल्या खोलीचं तसंच झालं. पंचमीपासून दिवाळीपर्यंत आम्ही त्या खोलीत खपलो. काम किती झालं ते सांगत नाही. किस्से मात्र इतके झाले की बोरीच्या बाजारात लोक माझ्या भावाला थांबवून विचारायचे, "दादा, खोलीचं काय नवीन?"

*

आधी घर सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

पुढं ओसरी, तिला लागून स्वयंपाकघर, मग मधली खोली, आणि तिच्या मागं परस. परसात आमच्या चौदा शेळ्या आणि त्यांची करडं. दोन्ही बाजूंना दुसऱ्यांची घरं, भिंतीला भिंत. त्यामुळं शेळ्यांना चरायला बाहेर जायचं तर वाट एकच. परसातून मधल्या खोलीत, मधल्या खोलीतून ओसरीवर, ओसरीवरून गल्लीत. संध्याकाळी तसंच उलटं.

माझं लग्न झालं आणि मधली खोली आम्हा दोघांना मिळाली.

माझी बायको रुक्मीण पिंगळीची. मी मुळात लाजाळू, आणि ती माझ्याहून वरचढ. पहिले तीन दिवस आम्ही एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही. चौथ्या दिवशी पहाटे वैनीनं परसाचं दार उघडलं आणि शेळ्या निघाल्या. पुढं गंगी, आमची सगळ्यांत जुनी शेळी. ती रोज अंथरुणापाशी थांबायची, नवीन सुनेकडं नीट बघायची आणि मग जायची. रुक्मिणीनं डोक्यावरून गोधडी ओढून घेतली होती. गोधडीच्या आतून आवाज आला, "समद्या गेल्या का?"

मी म्हणालो, "एक ऱ्हायली."

लग्नानंतरचं आमचं पहिलं बोलणं ते. पुढचे चार महिनेही रोज सकाळी तेवढंच व्हायचं. ती विचारायची, मी मोजून सांगायचो, मग ती उठायची.

*

पंचमीला तिला न्यायला तिचे वडील आले. त्यांना मी मामा म्हणतो. मामा रेल्वेच्या फाटकावर नोकरीला. गाडी यायची झाली की फाटक लावायचं, गेली की उघडायचं. बोलतात कमी, पण बोलले की ते वाक्य गावात आठ दिवस फिरतं.

त्यांचं ताट मधल्या खोलीतच मांडलं. पाहुण्याला ओसरीवर कसं बसवायचं, असं मायला वाटलं. मामांनी पहिला घास घेतला आणि शेळ्या परत आल्या. त्या दिवशी पाऊस होता, म्हणून लवकर आल्या. मामा ताट उचलून भिंतीला टेकून उभे राहिले. शेळ्या गेल्या. मामा बसले. मागं राहिलेलं एक करडू आलं. मामा पुन्हा उठले.

हात धुताना ते आबांना म्हणाले, "मी दिसभर फाटक सांभाळतो, आबा. पोरीला बी फाटकातच दिली का मी?"

आबा म्हणाले, "करू की काहीतरी."

"करा. खोली झाली की सांगावा धाडा. दिवाळीपस्तोर वाट बघतो. न्हाई झाली तर पोर जड न्हाई मला."

रुक्मीण गाठोडं घेऊन मोटारीत बसली. मी फाट्यापर्यंत गेलो होतो, पण लिंबाच्या आडच उभा राहिलो. मोटार गेल्यावर दादा म्हणाला, "तुझ्या खोलीचं काम हाय गणू, आता तुझं तूच बघ." आणि लगेच म्हणाला, "पर करणार मी. तुला काय जमतंय?"

*

दादाची पहिली तजवीज अशी. खोलीच्या मधोमध कूड घालायचा. एका बाजूनं शेळ्या जातील, दुसऱ्या बाजूला आम्ही राहू. कुडाला तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या लागतात, पण पावसाळ्यात त्या सगळ्या चुलीत गेल्या होत्या. तेव्हा दादानं मळ्यातून शेवरी तोडून आणली. ताजी, लांब, सरळ, सहज वाकणारी.

आम्ही दोघांनी दोन दिवस विणली. वैनीनं आमच्या बाजूनं शेणामातीचा हात फिरवला. नवी नवरी येणार, म्हणून तिची बाजू आधी. शेळ्यांच्या बाजूला उद्या लिंपू, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी पावसाची झड लागली. शेळ्या बाहेर गेल्याच नाहीत. परसातलं छप्पर गळत होतं, म्हणून मायनं त्यांना खोलीतल्या त्यांच्या वाटेत आणून उभं केलं.

आमच्या घरात चार पिढ्या शेळ्या आहेत. शेळीला शेवरीपेक्षा गोड काही लागत नाही, हे आमच्याकडं रांगतं पोर सांगेल. पण भिंत म्हणून उभी केलेली शेवरी ही शेवरीच असते, हे त्या दिवशी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दुपारभर आतून कुरूकुरू आवाज येत होता. वैनी म्हणाली, "गपगार बसल्यात बाई आज." आमच्या बाजूनं भिंत छान दिसत होती. संध्याकाळी वैनीनं स्वयंपाकघराचं दार जरा जोरात लावलं आणि भिंत खाली बसली. मागं काही नव्हतंच. नुसता शेणाचा पापुद्रा उभा होता.

आबांनी येऊन बघितलं. म्हणाले, "पोरास्नी भिंत बांधाया सांगितली, पोरांनी वैरण बांधली. पर विणकाम बरं हाय."

*

मग कासम मिस्त्रींना बोलावलं. आमच्या गल्लीतली अर्धी घरं त्यांच्या हातची. ते मापाला टेप वापरत नाहीत, स्वतःची वीत वापरतात. कुणी हसलं तर म्हणतात, "टेप घरी विसरतो माणूस. हात विसरतो का?"

आबांनी त्यांना सांगितलं, "डाव्या अंगाला कच्च्या विटांची भिंत घालून बोळ काढ. शेळ्या बोळातून जातील."

मिस्त्रींनी चार विती मोजल्या आणि थांबले. डाव्या अंगाला कणगी होती. आमची कणगी म्हणजे दहा पोती जवारी मावेल एवढी, निरगुडीच्या फोकांची विणलेली, शेणानं लिंपलेली. "आधी ही हलवा, मग मला बोलवा," म्हणून ते दुसऱ्या कामावर गेले.

आम्ही जवारी उपसून खोलीत ढीग केला. कणगी आडवी केली आणि दाराशी नेली. कणगी दारातून जाईना. परसाच्या दारातूनही जाईना. मग माय ओसरीवरून म्हणाली, "कशी जाईल? तुमच्या आजीनं ती आत बसून विणली."

"मंग आधी सांगायचं न्हाई का?"

"तुमी कुठं इचारलं?"

दादा म्हणाला, कापू. मायनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं विळा परत खुंटीला लावला. "तीन पिढ्यांचं पोट भरलं तिनं. ती कापतो म्हणं."

आता सान्याचं सांगतो. आमचं घर माळवदाचं, म्हणजे वर मातीचं सपाट छत. उजेड यावा आणि धूर जावा म्हणून त्या छताला एक भोक असतं, त्याला सानं म्हणतात. दादानं सान्याकडं बघितलं, कणगीकडं बघितलं, पुन्हा सान्याकडं बघितलं. मला तेव्हाच भीती वाटली होती.

पावसानं चार दिवस उघडीप दिली होती. दादानं सान्याभोवतीचं, दोन तुळयांच्या मधलं छत उकललं, गल्लीतल्या सहा जणांना बोलावलं आणि कणगी दोरानं वर ओढून माळवदावर उभी केली. सगळ्यांनी खाली येऊन चहा घेतला. दादा खुशीत होता.

वैनी रिकाम्या खोलीत जाऊन आली आणि म्हणाली, "भाऊजी, कणगी वर गेली, जवारी खाली ऱ्हायली. आता जवारीत झोपायचं का, जवारी वर न्यायची?"

*

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मामा न सांगता आले. परभणीला काही काम होतं, म्हणाले. कामाचं त्यांनी पुढं नाव काढलं नाही, तेव्हा ते खोली बघायलाच आले असावेत.

आमची नुसती धावपळ. जवारीच्या ढिगावर मायनं सतरंजी टाकली आणि मामांना त्यावर बसवलं. शेळ्या रानात होत्या, ते बरं झालं. वरच्या मोठ्या भोकातून भरपूर ऊन येत होतं. दादा म्हणाला, "उजेड बघा मामा. तुमच्या स्टेशनात नसंल एवढा."

मामा वर बघत म्हणाले, "उजेड हाय."

करडं घरीच होती. त्यांना परसाच्या पायऱ्यांवरून माळवदावर जायची सवय लागली होती, कारण कणगीच्या आतबाहेर उड्या मारायला त्यांना फार आवडायचं. वर धडधड आवाज झाला. मामा अजून वरच बघत होते. तेवढ्यात सान्यातून एक पांढरं करडू थेट त्यांच्या मांडीवर आलं.

कुणाला काही लागलं नाही. खाली जवारी होती. करडू उठलं, मामांच्या धोतराचा सोगा थोडा चावून बघितला आणि परसात गेलं.

मामांनी टोपी झटकली आणि दादाला विचारलं, "आता वरून बी लाइन टाकली का?"

जाताना ते माझ्यापाशी थांबले. माझ्याशी ते पहिल्यांदाच एकटे बोलत होते. "दिवाळीला अठरा दिस हायत," म्हणाले. "पोर रोज सकाळी उठून कायतरी मोजती बघा. काय मोजती, सांगत न्हाई."

मी खाली बघत उभा राहिलो. त्या दिवशी मी जेवलो नाही. वैनीला वाटलं, करडाचा मुका मार मलाच लागला.

*

त्यानंतर मी पत्र लिहिलं. आयुष्यातलं पहिलं. मामा पत्र कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घेणार आणि शेजारचे ऐकणार, हे ठाऊक होतं. त्यामुळं आतलं काही लिहिता येईना. मी नुसती खोलीच लिहिली. लांबी इतक्या विती, रुंदी इतक्या विती, छत पुन्हा बुजवलं, भिंतीत एक कोनाडा करायचा विचार आहे. खाली लिहिलं, "बाकी सर्व ठीक. सकाळी मोजतो."

पाच दिवसांनी उत्तर आलं. मामांनी कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. पाऊसपाणी, तब्येत, आणि शेवटी एक ओळ : "रुक्मीण म्हणते, कोनाडा केला तर माझ्या हाताला पुरेल असा करावा."

मी ते पत्र पाच-सहा वेळा वाचलं. मग ध्यानात आलं की तिचा हात कुठवर पुरतो, हे मला माहीत नाही. चार महिने एका खोलीत राहिलो, पण ती उभी असली की मी खाली बघायचो आणि मी उभा असलो की ती बसलेली असायची. तिची पावलं मी शंभर बायकांत ओळखली असती. उंची मात्र काही केल्या सांगता येईना.

शेवटी वैनीला विचारलं. वैनी हसत हसत भाकरी करपवून बसली. "चार महिने नांदवली आन् बायकोची उंची जावेला इचारायलाय?"

पण सांगेना तिलाही नीट. "माझ्या कानाला लागंल," म्हणाली. माय म्हणाली, "छे, खांद्याला." दादा म्हणाला, "गंगीला इचार. रोज निरखून बघायची ती."

*

दिवाळीला दहा दिवस राहिले तेव्हा कासम मिस्त्री पुन्हा आले. सानं त्यांनीच मागच्या हप्त्यात बुजवून दिलं होतं. कणगी अजून वरच होती. त्यांनी बोळाच्या जागी दोरी धरली, विती मोजल्या आणि मान हलवली.

"आबा, बोळ काढला तर खोलीत ऱ्हातं काय? खाट टाकली तर माणूस उभा, माणूस झोपला तर खाट बाहेर."

"मंग काय करावं?"

मिस्त्रींनी विटांवर बसून बिडी पेटवली. "मला एक कळंना. तुमी कूड घातला, जवारी उपसली, छत फोडलं. मागचं दार कामून न्हाई उघडलं?"

आबा म्हणाले, "मागं दार न्हाई."

"न्हाई कसं? मीच तर बुजवलं."

ते खरं होतं. परसाच्या मागच्या भिंतीत पूर्वी एक दार होतं. ते मागच्या गल्लीत उघडायचं आणि शेळ्या तिथूनच जायच्या. मधली खोली तेव्हा खोलीच होती. पोलीस ॲक्शनच्या आधीचं जे भीतीचं साल, त्या साली आबांनी दादाला आणि मला आजोळी ठेवलं होतं. परत आलो तर मागं सलग भिंत. भीती गेली, सरकार बदललं, भिंत तशीच राहिली. शेळ्या घरातून जायला लागल्या आणि पुढं आम्हाला वाटायला लागलं, हे असंच असतं.

"मंग उघडू की," दादा म्हणाला.

आबा म्हणाले, "कुठं होतं ते मला आता आठवत न्हाई." आणि ओसरीवर जाऊन बसले. मायला विचारलं तर ती म्हणाली, "त्यास्नी इचारा."

दादा म्हणाला, दार परसातल्या लिंबाजवळ होतं. पण लिंब पडून चार वर्षं झाली होती. मी म्हणालो, डोणीजवळ होतं. पण पाण्याची डोणी तीनदा हलली होती. दार असताना दाराकडं कोण बघतं?

"मी हाय की," मिस्त्री म्हणाले. "माझ्या हातचं काम मला सापडंना व्हय?"

ते थापीच्या दांड्यानं भिंत वाजवत निघाले. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, परत आले. भिंत सगळीकडं सारखीच वाजत होती. सात वर्षं तिच्यावर दर दिवाळीला पांढऱ्या मातीचा हात फिरला होता.

दादा म्हणाला, "मिस्त्री, वीत बी घरीच ऱ्हायली का आज?"

मिस्त्रींना ते लागलं. "आबा म्हणाले होते, असं बुजव की कुणाला वळखू येऊ नये. मी तसं बुजवलं. कुणालाच म्हणजे मला बी न्हाई, हे तवा कळलं न्हाई." आणि शपथ घेतली की दार सापडेपर्यंत या घरात चहा घेणार नाही. ज्यांनी मिस्त्रींना काम करताना बघितलंय, त्यांना ही शपथ किती मोठी ते कळेल.

दोन दिवस गेले. मिस्त्री चहाशिवाय भिंत वाजवत होते. भलतीकडं फोडलं तर भिंतच खाली यायची, म्हणून कुणी पहार लावू धजेना.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेळ्या आल्या. खोलीतून परसात उतरल्या. गंगी नेहमीसारखी भिंतीपाशी गेली आणि एका जागी अंग घासायला लागली. ती रोज तिथंच घासायची. माय म्हणायची, तिथं भिंतीला खारट लोणा धरलाय, त्यापायी जाते.

मिस्त्री बघत होते. मी बघत होतो. चौदातल्या तेरा शेळ्या भिंतीनंतर जन्मलेल्या. गंगी एकटीच तिच्या आधीची.

मिस्त्रींनी तिला हळूच बाजूला केलं, खाली बसले आणि बोटानं बुडाची माती उकरली. वीतभर खाली उंबऱ्याचा दगड लागला.

मिस्त्री उठले, गंगीला म्हणाले, "उस्ताद," आणि वैनीला म्हणाले, "चहा ठेव, बेटी." पण ओसरीवरून आबांचा आवाज आला. "दार न्हाई उघडायचं."

वैनीनं भांडं चुलीवरून उतरवलं.

*

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी दाराच्या जागेवरचा गिलावा खरवडला. आत जुनी चौकट तशीच उभी होती. तेवढंच करून ते थांबले, कारण आबा घरातली पहार घेऊन समोर बसले होते. पहार मांडीवर आडवी. कुणी मागावी, असं त्यांचं तोंड नव्हतं.

मी आबांशी कधी उलटून बोललो नव्हतो. सरळही फार बोललो नव्हतो. पण दिवाळीला सहा दिवस राहिले होते. मी म्हणालो, "आबा, ती न्हाई यायची मंग."

आबा माझ्याकडं न बघता बोलायला लागले.

"त्या साली दिवेलागणीला ह्या दारावर थाप पडली. तीनदा. मी आन् तुझी माय आत होतो, दिवा विझवून बसलो. 'कोण हाय' म्हणायला बी आवाज फुटला न्हाई. थाप थांबली. माणूस गेला का उभा हाय, ते कळंना. तसंच बसलो उजाडपस्तोर. सकाळी उठून कासमला बोलावलं आन् दार बुजवलं. आजवर कोण होतं ते कळलं न्हाई. दार उघडलं की मला ती थाप ऐकू यील."

दादाला काही विनोद सुचला नाही, ही त्याच्या आयुष्यातली एकच वेळ.

कासम मिस्त्री थापी धुवत होते. धुता धुता म्हणाले, "तीनदा ना? ती माझी होती."

आबांनी मान वर केली.

"तुमची पहार नेली होती मी," मिस्त्री म्हणाले. "हीच. परत द्यायला आलो होतो. पुढच्या गल्लीनं यायची माझी हिंमत न्हाई झाली, म्हणून मागून आलो. थाप मारली, कुणी उघडलं न्हाई, गेलो. दुसऱ्या दिशी तुमी बोलावलं, तवा घेऊनच आलो. बरं झालं उघडलं न्हाई, आबा. दिवेलागणीला दारात मी, आन् माझ्या हातात पहार. तुमी जागेवर खलास."

आबांनी मांडीवरची पहार उचलून बघितली.

"मंग आवाज कामून दिला न्हाई?"

"त्या साली आवाज कोण देत होतं, आबा?"

आबा उठले. सदरा काढून खुंटीला लावला आणि पहिला घाव स्वतः घातला. दुसरा दादानं. दुपारपर्यंत चौकट मोकळी झाली आणि मागच्या गल्लीतला वारा परसातून मधल्या खोलीत शिरून ओसरीपर्यंत आला. जुनी कवाडं माळ्यावर होती, ती आबांनीच पुसून आणली. कणगी सहा जणांनी पुन्हा सान्यातूनच खाली सोडली, आणि त्यासाठी सानं पुन्हा फोडावं लागलं. ती मुळात हलवायची गरजच नव्हती, हे मायनं त्या सहाही जणांना वेगवेगळं सांगितलं.

मी चहाला चुलीपाशी गेलो. मिस्त्रींना मोठ्या लोट्यात हवा होता. माय चुलीत काटकी सारत होती. बाहेर आबा आणि मिस्त्री एकमेकांना टाळ्या देऊन हसत होते. माय त्यांच्याकडं बघत हळूच म्हणाली, "पहार तर त्या साली घराबाहेर गेलीच न्हाई कधी. जवारीच्या पेवात पुरली होती मी."

मी तिच्याकडं बघितलं. तिनं लोटा माझ्या हातात दिला. "ने. गार व्हईल. आन् त्यास्नी बोलू नकोस."

मी चहा नेऊन दिला. मिस्त्रींनी एका दमात प्याला आणि खोलीत येऊन भिंतीवर हात ठेवला. "आता कोनाडा. किती वर?"

मी खाली बघायला लागलो.

त्यांनी कमरेची सुतळी सोडली आणि माझ्या हातात दिली. "जा, माप घेऊन ये. तिला भिंतीला उभी कर, हात वर करायला सांग, गाठ मार. आन् ह्या खेपेला वर बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागचं दार उघडलं. तेरा शेळ्या सवयीनं मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी जाऊन उभ्या राहिल्या. गंगी एकटीच मागच्या गल्लीत उतरली, थोडी थांबली, मग चालायला लागली. मग बाकीच्या तिच्या मागं निघाल्या. मी दारात उभं राहून मोजल्या. सगळ्या गेल्या. खिशातली सुतळी चाचपून बघितली आणि पिंगळीला निघालो.